खुल्या सीमा, अडलेल्या वाटा

१८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर एक व्याख्यान दिले. इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत तेव्हा आपल्याकडे वेदवाक्यासारखे शिकवले जात, आणि खुल्या व्यापाराचा सिद्धांत हा त्यांचा गाभा होता. रानड्यांनी त्या सिद्धांताच्या तर्कात खोट काढली नाही. तो ज्या गृहीतांवर उभा होता त्यांच्याकडे त्यांनी बोट दाखवले. नफा दिसेल तिकडे भांडवल धावते, मजुरी जास्त मिळेल तिकडे मजूर जातो, सौदा करणारे दोघेही आपापले हित ओळखतात आणि ते राखायला समर्थ असतात, हे सारे धरून चालले तरच पुढचे निष्कर्ष निघतात. इथला माणूस कुटुंबाशी आणि जातीशी बांधलेला आहे, इथे भांडवल आणि श्रम दोन्ही सहजी जागचे हलत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आज जिल्हावार आकडेवारी आणि घरोघरच्या पाहण्या हाताशी आहेत, त्यामुळे रानड्यांनी निरीक्षणाने जे ओळखले ते आता मोजून दाखवता येते. पुढच्या पानांचा विषय तोच आहे: गरीब देशांत बाजार जिथे जिथे अडतो, तिथे तिथे व्यापाराच्या परिणामांची दिशा कशी बदलते.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये दिलेले उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पोर्तुगालने मद्य करावे, इंग्लंडने कापड विणावे, दोघांनी देवघेव करावी, म्हणजे दोघांचाही फायदा होतो. हे गणित चोख आहे. पण कापड विणणारा पोर्तुगीज मजूर हातमाग सोडून द्राक्षमळ्यात जातो, हे त्यात एका दमात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात त्या एका वाक्यात बरेच काही दडलेले असते. मळा लावायला कर्ज लागते. वेल फळावर येईपर्यंत घर चालावे लागते. नवे काम शिकावे लागते, घर सोडून दुसऱ्या प्रांतात जावे लागते, आणि आपला माल चांगला आहे हे दूरच्या, अनोळखी गिऱ्हाइकाला पटवून द्यावे लागते. कर्ज, विमा, माहिती, जमीन, श्रम यांपैकी एखादा बाजार नसेल, किंवा असूनही एकाच्याच मुठीत असेल, तर अर्थशास्त्र त्याला बाजाराचे अपयश म्हणते. श्रीमंत देशांतही अशी अपयशे असतात, पण तिथे ती अपवादाने आढळतात. गरीब देशांत त्यांतूनच रोजचा व्यवहार चालतो. म्हणून जागतिक किमतीतला एकच बदल एका ठिकाणी घरे उभी करतो आणि दुसऱ्या ठिकाणी जमिनी गिळतो. माझे म्हणणे असे आहे की हा फरक समजून घ्यायचा तर बंदराकडे पाहून भागणार नाही. बंदरापासून शेतापर्यंत, कारखान्यापर्यंत आणि शाळेपर्यंत ज्या वाटा जातात, त्या तपासाव्या लागतील.

याचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. खानदेश-वऱ्हाडात कापसाखालचे क्षेत्र वाढले. मुंबईत नव्या कंपन्यांच्या आणि समुद्र हटवण्याच्या योजनांच्या शेअरांवर बेफाम सट्टा चालला. निर्यातीच्या दृष्टीने याहून मोठे सुदैव कोणते? पुस्तकी हिशोबाप्रमाणे या तेजीतून शेतकऱ्याच्या हाती चार पैसे शिल्लक राहून विहिरी खणल्या जायला हव्या होत्या, बैल आणि बियाणे सुधारायला हवे होते. काहींच्या बाबतीत तसे झालेही. पण दख्खनच्या बहुतेक कुणब्यांना पैसा पुरवणारा एकच दरवाजा होता, आणि तो सावकाराचा. गावात दुसरा कर्जदाता नव्हता. कुणब्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि रोख्यात काय लिहिले आहे हे तो समोरच्याच्या तोंडून ऐकत असे. रयतवारीत जमीन त्याच्या नावे लागली होती आणि दिवाणी कोर्टात ती विकून वसुली करता येत होती. म्हणून तेजीत सावकाराने हात सैल सोडला, कारण तारण भक्कम दिसत होते.

१८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या आणि कंपन्या बुडाल्या, आणि तो सैल हात आवळला गेला. त्यात भर म्हणून तेजीच्या भावांकडे पाहत सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी केली. इंदापूर तालुक्यात ती १८६७ मध्ये आली आणि मग शेजारच्या तालुक्यांत पसरली. भाव उतरले होते, पण सारा चढाच राहिला. याच काळात एका चांगल्या हेतूने केलेल्या कायद्यानेही घात केला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती, कर्जदाराच्या मानेवर जुनी देणी कायम बसू नयेत म्हणून. सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला. प्रत्येक नव्या रोख्यात मागचे व्याज मुद्दल होऊन बसे, आणि खाली निरक्षर माणसाचा अंगठा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी जमावाने सावकारांच्या वह्या आणि रोखे बाहेर काढून जाळले. नंतर पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत तेच झाले. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख कागदांवर होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याला कशाने बांधले आहे हे त्यांना नेमके कळत होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. नील चार्ल्सवर्थ यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवले आहे की दंगलीचे तालुके हे कापसाचे मुख्य तालुके नव्हते. कापूस प्रामुख्याने खानदेश-वऱ्हाडात होता आणि दंगल पुणे-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात झाली. मग कापसाच्या तेजीला तिचे कारण का मानावे? हा आक्षेप मान्य करूनही, किंबहुना त्याच्यामुळेच, मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. या पट्ट्यात जागतिक बाजाराचा धक्का कापसाच्या गाठींमधून आला नाही. तो धान्याच्या चढलेल्या भावांतून, रेल्वेच्या बांधकामावरच्या मजुरीतून आणि सर्वांत अधिक उधारीतून आला. उधारीचा बाजार एका हातात एकवटलेला असला की व्यापाराचा धक्का तिथल्या पिकाशी संबंध नसलेल्या माणसालाही गाठतो. १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन खरा हिशोब तपासण्याचा अधिकार दिला. हा मोठा दिलासा होता. पण कर्ज देणारा दुसरा कोणी त्या कायद्याने उभा केला नाही, त्यामुळे सावकारांनी हात आखडता घेतला तेव्हा शेतकरी पुन्हा त्यांच्याच दाराशी गेला. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा व्हायला १९०४ साल उजाडावे लागले.

आता १९९१ कडे येऊ. परकीय चलनाच्या संकटात भारताने अर्थव्यवस्था खुली केली. १९९० मध्ये ऐंशी टक्क्यांहून अधिक असलेला सरासरी आयातकर १९९६ पर्यंत ३७ टक्क्यांवर आला. कपात इतक्या वेगाने झाली की कोणत्या उद्योगाला किती झळ बसेल याचा विचार करायला सवड नव्हती. संशोधकांच्या दृष्टीने मात्र यातूनच तुलना करण्याची संधी मिळाली. पेटिया टोपालोवा यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील उद्योग आणि पिके पाहून कोणता जिल्हा आयातीला किती उघडा पडला ते काढले आणि गरिबीच्या आकड्यांशी ते ताडून पाहिले. देशभर गरिबी कमी होत होती, पण ग्रामीण भागात जे जिल्हे अधिक उघडे पडले तिथे ती कमी वेगाने घटली. सर्वाधिक झळ तळच्या लोकांना बसली, ज्यांना जागा बदलणे सर्वांत अवघड होते त्यांना बसली, आणि ज्या राज्यांत कामगार कायद्यांच्या जाचामुळे माणसे एका उद्योगातून दुसऱ्यात जाऊ शकत नव्हती तिथे बसली. रिकार्डोचा कापडवाला इथे द्राक्षमळ्यात गेलाच नाही. तो होता तिथेच कमी मजुरीवर राहिला. उदारीकरणाने भारत गरीब झाला असा अर्थ काही लोक यातून काढतात. ते चूक आहे. या पद्धतीने फक्त जिल्ह्याजिल्ह्यांतला फरक दिसतो, देशाचे एकूण उत्पन्न किती वाढले ते दिसत नाही. पण खुल्या व्यापाराचा फायदा सगळीकडे आपोआप झिरपतो, हा दावा त्या फरकाने निकाली निघतो. ब्राझीलमध्ये तर याहून विलक्षण चित्र दिसले. तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आयातकर उतरले तेव्हा ज्या भागांना फटका बसला, तिथली वेतनाची आणि नियमित नोकऱ्यांची पिछेहाट काळाबरोबर भरून निघण्याऐवजी वीस वर्षे वाढतच गेली, असे राफाएल डिश-कार्नेइरो आणि ब्रायन कोवाक यांनी दाखवले आहे.

शिक्षणाच्या बाबतीत हाच मुद्दा दोन्ही बाजूंनी पारखता येतो. भारतात आयातीला उघड्या पडलेल्या जिल्ह्यांत मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण इतर जिल्ह्यांइतके सुधारले नाही, कारण शाळेचा खर्च पेलणे कुटुंबांना जड गेले. मेक्सिकोत नेमके उलट घडत होते. तिथे निर्यातीचे कारखाने येत होते, नोकऱ्या वाढत होत्या, मजुरी मिळत होती. डेव्हिड अ‍ॅटकिन यांनी १९८६ ते २००० या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की दर २५ नव्या नोकऱ्यांमागे एक विद्यार्थी बारावीपर्यंत न जाता नववीलाच शाळा सोडत होता. एका देशात उत्पन्न घटले म्हणून मूल मागे राहिले, दुसऱ्या देशात कमाईची संधी आली म्हणून. व्यापाराने दोन्हीकडे विरुद्ध दिशांनी ढकलले, पण नुकसान एकाच ठिकाणी झाले. भविष्यातल्या कमाईच्या भरवशावर जिथे आज कोणी गरीब कुटुंबाला कर्ज देत नाही आणि शिक्षणाचा पुढे किती मोबदला मिळेल हे त्याला नीट कळत नाही, त्या ठिकाणी. हे दोन दाखले शेजारी ठेवले की आयातीला दोष द्यावा की निर्यातीला, हा वाद किती अपुरा आहे ते उमगते.

मग सीमाच बंद ठेवाव्यात का? बाजार सुधारतील तेव्हा व्यापार खुला करू, हा युक्तिवाद आपल्याकडे चार दशके चालला, आणि रानड्यांचे नाव घेऊनही चालला. याचे उत्तर १९६३ मध्ये जगदीश भगवती आणि व्ही. के. रामस्वामी यांनी एका निबंधात दिले. दोष देशांतर्गत बाजारात असेल तर त्यावरचा इलाजही देशांतर्गतच हवा. आयातकर लावून त्या दोषाची भरपाई करू गेल्यास जुन्या दोषाच्या जोडीला दुसरा नवा दोष येतो. कर्ज मिळत नाही म्हणून एखादा लहान कारखानदार मागे पडत असेल, तर आयातकराने त्याला कर्ज मिळत नाही. ज्याच्याकडे आधीच भांडवल आहे त्याचा नफा तेवढा वाढतो, आणि गिऱ्हाइकाला महाग माल घ्यावा लागतो. परवाना राजमध्ये परवाना हीच सर्वांत किमती चीज होऊन बसली, आणि ती लहानांच्या वाट्याला क्वचितच आली. बंद सीमांआड बाजाराची अपयशे आपोआप बरी होत नाहीत. ती झाकली जातात, आणि त्यांवर जगणाऱ्यांचा एक वर्ग तयार होतो.

उलट, व्यापारामुळेच एखादा अडलेला बाजार मोकळा होतो, अशीही उदाहरणे आहेत, आणि ती सांगितल्याशिवाय ही मांडणी एकांगी होईल. व्हिएतनामचा अमेरिकेशी झालेला करार डिसेंबर २००१ मध्ये अमलात आला आणि व्हिएतनामी मालावरचा अमेरिकी आयातकर सरासरी २३.४ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आला. ब्रायन मॅकेग आणि निना पावचनिक यांनी दाखवले की त्यानंतर घरगुती धंद्यांतले कामगार नोंदणीकृत कारखान्यांत गेले, जिथे त्याच माणसाची उत्पादकता अधिक होती. गरीब देशांत माणसे चुकीच्या ठिकाणी अडकलेली असतात, हे त्या देशांचे मोठे दुखणे. निर्यातीच्या मागणीने त्यांना तिथून बाहेर काढले, तर व्यापाराचा फायदा रिकार्डोच्या हिशोबापेक्षाही मोठा होतो.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षांची कथा याच जातीची आहे, आणि ती जरा जवळून पाहावी अशी आहे. द्राक्षाचा घड पाहून त्यात औषधाचा किती अंश उरला आहे हे कोणालाच सांगता येत नाही, ना बागायतदाराला, ना युरोपातल्या गिऱ्हाइकाला. ज्या मालाचा दर्जा दिसत नाही, त्यात काळजी घेणारा आणि न घेणारा एकाच भावाने विकला जातो, आणि एकाचा कंटेनर नापास झाला की नाव सगळ्यांचे खराब होते. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर अपेडा ही केंद्र सरकारची शेतमाल-निर्यात संस्था आणि मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी निर्यातीच्या बागांची नोंदणी, प्रयोगशाळेतली तपासणी आणि खोक्यावरून थेट बागेपर्यंत माग काढता येईल अशी ग्रेपनेट ही व्यवस्था उभी केली. तरीही २०१० मध्ये घाव बसलाच. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरत. त्यांच्या बोलीत ते सीसीसी. हे रसायन तपासणीच्या यादीतच नव्हते. युरोपात ते मर्यादेबाहेर आढळले, माल नाकारला गेला, आणि ज्यांनी सगळे नियम पाळले होते तेही कर्जात गेले. नियम पाळूनही बुडालेल्या त्या बागायतदारांचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो, कारण त्यांनी विश्वास टाकला होता आणि माहितीची साखळी वरच्या टोकाला तुटली होती. पण पुढच्या हंगामांत यादी वाढवली गेली, औषधांचे वेळापत्रक बदलले, आणि निर्यात पुन्हा चढली.

या कथेत लहान शेतकरी टिकला कसा, हे महत्त्वाचे. एकट्या दोन-तीन एकरवाल्याला शीतगृह, तपासणी आणि परदेशी खरेदीदाराशी सौदा यांचा खर्च परवडणारा नव्हता. १९९१ मध्ये सहकारी संस्थांनी मिळून उभ्या केलेल्या महाग्रेप्सने आणि पुढे मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या उत्पादक कंपन्यांनी तो खर्च वाटून घेतला. दिंडोरी-निफाडला हे जमले, कारण तिथे रस्ते, पाणी, बँका आणि सहकाराची जुनी सवय होती. मराठवाड्याच्या कोरडवाहू तालुक्यात तीच द्राक्षे आणि तोच युरोप असूनही हे सहज घडत नाही.

बाजार अपयशी ठरतो तसे सरकारही ठरते, मग सुधारणेची जबाबदारी कोणावर टाकायची, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कांद्याने तो वारंवार खरा करून दाखवला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरात निर्यात बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये उघडली. शहरी गिऱ्हाइकाला महागाईपासून वाचवायचे, हा हेतू होता. पण कांद्याचे भाव वर्षातून दोन टोके गाठतात, याचे मूळ साठवणीत आहे. उन्हाळी कांदा चाळीत महिनोन्‌महिने ठेवावा लागतो, तो सडतो, वजनात घटतो, आणि तो तारण ठेवून गरज भागेल असे कर्ज लहान शेतकऱ्याला सहसा मिळत नाही, म्हणून तो काढणीलाच विकतो. लासलगावच्या लिलावात समोर मोजकेच मोठे खरेदीदार असतात. हे तीन दोष दुरुस्त करायला वर्षे लागतात. निर्यातबंदीची अधिसूचना एका रात्रीत निघते. सरकार सीमेवर हात टाकते कारण तिथे हात लवकर पोहोचतो, आणि त्या घाईची किंमत ज्याच्या चाळीत माल पडून आहे तो मोजतो. परदेशी खरेदीदारही एकदा दुसऱ्या देशाकडे वळला की सहजी परतत नाही. म्हणून सरकारच्या अपयशाचा आक्षेप माझ्या मांडणीला बाधक ठरत नाही. सरकारने कुठे हात घालावा आणि कुठून काढून घ्यावा, हे त्यातून अधिक नेमके कळते.

१९९१ च्या सुधारणांचे मूल्यमापनही याच कसोटीवर करायला हवे. १९७७ पासून रिझर्व्ह बँकेचा एक नियम होता: जिथे आधीच बँक आहे तिथे नवी शाखा हवी असेल, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडा. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांच्या अभ्यासाप्रमाणे या विस्ताराने ग्रामीण गरिबी घटली. हा नियम १९९० मध्ये संपला, आणि पुढच्या दशकात ग्रामीण शाखा वाढण्याऐवजी घटल्या. म्हणजे आयातीचे दार उघडले त्याच सुमारास कर्जाची वाट अरुंद झाली. गाव सोडून जाण्याच्या वाटेचेही तेच. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २०१६ मध्ये दाखवले की अडीअडचणीला जातभाई मदतीला येतात, आणि गाव सोडल्यास ती मदत तुटण्याची भीती असते, म्हणून शहरात मजुरी कितीतरी जास्त असूनही पुरुष गावातच राहतात. रानड्यांनी जात आणि कुटुंब म्हटले ते हेच, फक्त त्यामागे विम्याचा न झालेला बाजार आहे हे आता कळले आहे. त्या भीतीला उतारा हवा असेल तर जिथे जाऊ तिथे आधार मिळाला पाहिजे. आयातकर निम्म्याहून खाली आणायला आपल्याला पाच-सहा वर्षे पुरली. ज्याचा धंदा त्या कपातीत गेला त्या मजुराचे रेशनकार्ड देशातल्या कोणत्याही राज्यात चालावे, ही सोय सर्व राज्यांत लागू व्हायला २०२२ साल उजाडले. परगावी आजारपणात कोण पाहील आणि काम सुटले तर महिना कसा निघेल, या दोन प्रश्नांना त्याच्यापाशी अजूनही नात्यागोत्याखेरीज फारसे उत्तर नाही.